ताप उतरला, शुगर का उतरत नाही?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, बँकेची वसुली आणि विजेची बिले हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय. ते आजही आहेत, दुपारच्या सत्रात त्यावर बोलणे होणारच आहे. त्याआधीचा अर्धा तास आम्ही वेगळ्या विषयासाठी मागून घेतला. विषय शुगरचा आहे. कारखान्यातल्या साखरेचा नव्हे. आपल्या कोरडवाहू शिवारात ऊस नाही, कारखाना नाही, कारखान्याचा चेअरमनही नाही. आपल्याकडे साखर आली ती थेट रक्तात.

हा बसून खाणाऱ्या शहरवाल्यांचा आजार, असे आपण पुष्कळ वर्षे म्हणत आलो. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरातल्या पाहणीचे आकडे छापून आले. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. शहरात शंभर मोठ्या माणसांमागे सोळा, खेड्यात जवळजवळ नऊ. हा देशाचा सरासरी हिशेब या मांडवाला लावला तर दर अकरा-बारा माणसांमागे एक निघेल, आणि त्यातल्या कित्येकांना अजून ते माहीतही नसेल.

रोजची गोळी, रोजचे पथ्य याबद्दल दवाखान्यात सांगतात. तक्ते लावलेले असतात. पण शुगरवाला माणूस तापाने पडला, जुलाबाने हैराण झाला, पायाला पऱ्हाटीचे खुंट लागून जखम चिघळली, तर त्या चार दिवसांत काय करायचे हे कोणी नीट सांगत नाही. घात होतो तो त्या चार दिवसांत आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात.

आपल्या एका तालुका शाखेतल्या कार्यकर्त्याचे उदाहरण सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे, नाव घेत नाही. दहा वर्षांची शुगर, दोन वेळ इन्सुलिनची सुई. दिवाळीच्या तोंडावर पहिली वेचणी चालू होती आणि हा तापाने पडला. तीन दिवस पोटात अन्नाचा कण नाही. घरातली सगळी म्हणाली, जेवण नाही तर सुई कशाला? शुगर एकदम खाली जाईल. सुई बंद केली. अशक्तपणा येऊ नये म्हणून ग्लुकोजच्या पुडीचे पाणी पाजले. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला. तालुक्याला नेले तेव्हा शुगर पाचशेच्या वर. तिथून जिल्ह्याला. माणूस वाचला. पहिल्या वेचणीचा सगळा कापूस मात्र खेडा खरेदीवाल्याला, तो म्हणेल त्या भावात गेला.

यात कोणी मूर्खपणा केला असे आम्ही म्हणणार नाही. जेवण नाही तर साखर कुठून येईल, हा हिशेब वरवर बरोबरच वाटतो. पण तो अर्ध्या खात्याचा हिशेब आहे. एका पानावर जमा पाहिली, दुसरे पान उलटलेच नाही.

रक्तात साखर येण्याच्या वाटा दोन. एक पोटातून, खाल्लेल्या भाकरीची. दुसरी यकृतातून, म्हणजे बोकडाच्या मटणात आपण जिला कलेजी म्हणतो, त्यातून. पूर्वी गावोगाव ज्वारीची पेवे असत. सुगीत भरायची, टंचाईत उघडायची. यकृत हे शरीरातले तसेच पेव आहे. ताप आला, जखम पिकली, हृदयाचा झटका आला, ऑपरेशन झाले, की शरीराला वाटते संकट आले. मग कॉर्टिसोल, अॅड्रिनॅलिन असली द्रव्ये रक्तात सुटतात आणि पेव उघडायचा हुकूम होतो. साठा कमी पडला तर यकृत अंगातले मांस मोडून नवी साखर तयार करते. पोट रिकामे असो की भरलेले, याला फरक पडत नाही.

धडधाकट माणसाचे स्वादुपिंड अशा वेळी जास्तीचे इन्सुलिन सोडते आणि वाढलेली साखर उचलली जाते. शुगरवाल्याकडे आधीच इन्सुलिनचा तुटवडा, आणि आजारात जे असते तेही नेहमीसारखे काम करत नाही. म्हणजे आवक वाढली आणि उचल थांबली. मोंढ्यात अशा दिवशी काय होते ते तुम्हाला सांगायला नको. गाड्या रस्त्यापर्यंत लागतात. रक्तात साखरेच्या गाड्या तशाच लागतात. एरवी दीडशेवर राहणारी शुगर न जेवता तीनशेवर जाते ती यामुळे. साखर वाढली की लघवी वाढते आणि अंगातले पाणी निघून जाते. इन्सुलिन फारच कमी पडले तर शरीर चरबी जाळू लागते, त्यातून किटोन नावाचे आम्ल साचते. उलट्या आणि जोराचा श्वास ही त्या आम्लाची खूण. म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा आम्ल नसतेच. तो नुसता सुकत जातो, झोपाळल्यासारखा होतो, आणि घरच्यांना वाटते थकवा आहे, पडू द्या.

आता ताप उतरल्यावरची गोष्ट. थर्मामीटर उतरला म्हणून शुगरने त्याच दिवशी उतरलेच पाहिजे असे नाही. शरीरातली धावपळ शांत व्हायला काही दिवस लागतात, आजार मोठा असेल तर काही आठवडे. त्यात माणूस अंथरुणात पडलेला. एरवी डवरणी, फवारणी, वेचणी करताना त्याचे स्नायू जी साखर जाळत होते, ती तशीच राहते. एवढी वाढ समजण्यासारखी आहे. पण यापेक्षा जास्त वाढ पुष्कळदा आजाराची नसते, उपचाराची असते. तिथे थोडे थांबून बोलले पाहिजे.

गावात आपल्याला लवकर गुण हवा असतो. वेचणीला माणूस मिळत नाही, घरचा गडी आठ दिवस पडून चालत नाही. म्हणून एक सुई मारली की दुसऱ्या दिवशी उठून बसवणारा डॉक्टर आपल्याला चांगला वाटतो. त्या सुईत पुष्कळदा डेक्सामेथासोन असते. गोळ्यांच्या पुडीत प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन असते. ही सगळी स्टेरॉइडे. सूज, दुखणे, ताप झटकन दाबतात आणि शुगर तितकीच झटकन वर चढवतात. २०२४ च्या पावसाळ्यात नागपूरकडे चिकुनगुन्या पसरला. सांधे असे धरतात की चहाचा कप उचलवत नाही. अशा दुखण्यावर पुडीतल्या गोळ्या महिना महिना घेणारी माणसे प्रत्येक गावात सापडतात. गोळी कसली आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, शुगर का वाढली हे कोणाला उमगत नाही.

स्टेरॉइड वाईट असे आम्ही म्हणत नाही. दम्याच्या झटक्यात ते जीव वाचवते. करोनाच्या साथीत ऑक्सिजन लागलेल्या रोग्यांना त्याचा उपयोग झाला. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडे मिळालेल्या अनेकांची शुगर बेफाम वाढली, तिच्याकडे वेळेवर लक्ष गेले नाही, आणि त्यातून काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस झाला. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारला हा आजार नोंदणीचा करा असे राज्यांना सांगावे लागले. तेव्हा सुई घेण्याआधी दोन वाक्ये बोला: डॉक्टर, मला शुगर आहे. यात स्टेरॉइड आहे का? असेल तर शुगर दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी तपासा. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने सकाळची उपाशीपोटीची शुगर ठीक दिसते आणि दुपारनंतरची चढलेली असते. नुसती सकाळची तपासणी करून समाधान मानणारा फसतो. पुष्कळ दिवस चालू असलेली स्टेरॉइडची गोळी मात्र एकदम टाकायची नाही, त्यात वेगळा धोका आहे. ती डॉक्टरच हळूहळू कमी करतील.

दुसरी गोष्ट सलाइनची. बाटली चढवली की ताकद आली, हा आपला जुना समज. बाटलीवर डेक्स्ट्रोज पाच टक्के लिहिले असेल तर अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. पाच-सहा चमचे साखर थेट शिरेत. रोगी खाऊच शकत नसेल आणि इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टर ती विचार करून देतात, तो भाग वेगळा. पण चालता-बोलता माणूस ताकदीसाठी रोज एक बाटली चढवतो, ते पैसे देऊन शुगर विकत घेणे आहे. खोकल्याचे गोड औषध, ग्लुकोजची पुडी, भेटायला येणाऱ्यांनी आणलेले बिस्किटांचे पुडे, फळांचा डबाबंद रस, हे सगळे त्याच खात्यावर मांडा. जुलाब-उलट्या असतील तर मात्र मीठ-साखरेच्या पाण्याला, म्हणजे ओआरएसला, घाबरू नका. त्यातली साखर थोडी असते आणि पाणी अंगात शोषले जावे म्हणूनच ती घातलेली असते. तिथे पथ्य पाळत बसणारा पाण्यावाचून मरेल.

मग त्या दिवसांत करायचे काय? पहिले म्हणजे मोजायचे. आपल्या संघटनेने शेतकऱ्याला आधी उत्पादन खर्च मांडायला शिकवले, भावाची भाषा नंतर आली. इथेही तेच. एरवी महिन्यात एकदा तपासत असाल, पण आजारपणात दिवसातून चार वेळा. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर फार वाढलेली असेल तर दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. आकडा, वेळ, घेतलेले औषध आणि खाल्लेले अन्न वहीत लिहा. डॉक्टरला फोनवर शुगर वाढली म्हणून सांगण्यापेक्षा हे चार आकडे वाचून दाखवा, तो नेमका डोस सांगू शकेल. मीटरच्या पट्ट्या महाग आहेत, मान्य आहे. एक पट्टी वीस रुपयांची धरा. रोज चार, पाच दिवस, म्हणजे चारशे रुपये. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. तो हातात पडला असे धरले तर चारशे रुपये म्हणजे सव्वापाच किलो कापूस. (किती जणांच्या हातात पडला, हा दुपारच्या सत्राचा विषय. त्याच हंगामात परदेशी कापसावरचे आयात शुल्क डिसेंबरपर्यंत उठवले होते, तेही तिथे निघेल.) एका दवाखान्याच्या भरतीत पूर्ण वेचणी जाते, त्यापुढे सव्वापाच किलो जड नाहीत.

दुसरे औषध. इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करायचे नाही. आजारात ते पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्त लागते. खाणे अगदी कमी झाले तर डोस किती ठेवायचा हे आकडे सांगून विचारा. लहान वयात ज्यांना शुगर झाली, इन्सुलिनवरच जी मुले जगतात, त्यांच्या बाबतीत तर एक दिवसाचीही सुटी नाही. गोळ्यांचे तसे नाही. गोळी-गोळीत फरक आहे आणि तो माहीत असला पाहिजे. उलट्या-जुलाब होत आहेत, पाणीसुद्धा ठरत नाही, अशा वेळी मेटफॉर्मिन डॉक्टर तात्पुरती थांबवायला सांगतात, कारण सुकलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता स्वस्त झाल्यामुळे गावापर्यंत आल्या आहेत. त्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. जेवण बंद असताना त्या चालू ठेवल्या तर शुगरचा आकडा फार मोठा नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. त्याही थांबवायच्या असतात आणि नीट जेवण सुरू झाल्यावरच पुन्हा घ्यायच्या असतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेतली तर शुगर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. तुमच्या पुडीत यातली कोणती आहे? पाकिटावरचे नाव घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. बरे असतानाच डॉक्टरला विचारून ठेवा, उलटी सुरू झाली तर यातले काय थांबवू आणि काय चालू ठेवू?

तिसरे पाणी आणि पोट. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून प्यायला सांगितले नसेल तर तासाला एक पेला पाणी. जेवण जात नसेल तर पातळ ताक, वरणाचे पाणी, ज्वारीची आंबील, थोडे थोडे, घोट घोट. आंबीलही धान्याचीच असते, म्हणून वाडगाभर एकदम नको. जाता जाता सांगतो, ज्वारी खाल्ली की शुगर होतच नाही असे शहरात हल्ली बोलले जाते. ज्वारी चांगलीच आहे, मैद्यापेक्षा कितीतरी चांगली. पण चार भाकरी त्या चार भाकरीच. २०२३ हे भरडधान्याचे वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. त्या कौतुकाने आपल्याकडचा ज्वारीचा पेरा काही वाढला नाही.

शुगर खाली जाण्याचीही भीती आहेच, ती खोटी नाही. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मीटरवर सत्तरच्या खाली आकडा असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मीटर नसेल तर आधी साखर घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा. आणि एक खास आपल्या कामातली गोष्ट. फवारणी करताना घाम फुटला, गरगरले, तर ती नेहमी शुगरच असते असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते कोणी विसरलेले नाही. औषधाची बाधाही अशीच सुरू होते. घामाबरोबर लाळ गळत असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल, मळमळत असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि साखरेच्या पाण्यावर वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. औषधाचा डबा बरोबर घ्या.

घरी बसायचे नाही अशा खुणा पक्क्या लक्षात ठेवा. औषध घेऊनही दोन वेळा शुगर तीनशेच्या वर आली. मीटरवर आकडा न येता इंग्रजीत 'हाय' उमटले, म्हणजे मीटरची मोजदादही संपली. उलट्या थांबत नाहीत. पोटात दुखते, श्वास जोराने चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. माणूस गुंगीत आहे. यातली एक खूण दिसली तरी त्याच घडीला निघायचे. सकाळच्या एसटीची वाट पाहायची नाही.

आता बरे झाल्यानंतर. आजारात वाढवलेला डोस ताप गेल्यावर तसाच चालू ठेवला तर पंधरा दिवसांनी शेतात चक्कर येऊन पडायची पाळी येते. म्हणून बरे झाल्यावर आठवडाभर आकडे लिहा आणि ते घेऊन डॉक्टरकडे जा. डोस जुन्या जागी आणायचा का, हे त्यावरून ठरेल. उलट, दोन-तीन आठवडे झाले, स्टेरॉइड नाही, गोड नाही, औषध वेळेवर, तरी शुगर उतरत नाही, तर आजार अंगात कुठेतरी दडलेला आहे असे समजा. आधी पाय पाहा. तळव्याची संवेदना गेलेली असते, खुंट रुतलेले कळत नाही. आरसा जमिनीवर ठेवून किंवा पोराला सांगून बोटांच्या बेचक्या पाहा. मग लघवीची जळजळ, हिरड्यांची सूज. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल, वजन उतरत असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. शुगर असलेल्याला क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने जास्त, क्षयामुळे पुन्हा शुगर वाढते, आणि क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन शुगरच्या काही गोळ्यांचा जोर कमी करते. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही आजार सांगा.

आणि इन्सुलिनची बाटली पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पत्र्याच्या घरात कोनाड्यात ठेवलेल्या बाटलीचे पाणी झाले, तरी रंगावरून कळत नाही. फ्रिज नसेल तर मोठ्या मातीच्या मडक्यात लहान मडके ठेवा, मधल्या फटीत ओली वाळू भरा, बाटली कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, तोंडावर ओले फडके टाका. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरपेक्षा बरीच थंड राहते. वाळू दोन वेळ ओली करायची, एवढेच. फ्रिज असेल तर बर्फाच्या खान्यात ठेवू नका. गोठलेले इन्सुलिनही वाया गेले.

आणखी एक प्रकार होतो. ज्याला कधीच शुगर नव्हती, त्याची डेंग्यू-न्यूमोनियात भरती असताना दोनशे-अडीचशे निघते. तो घाबरतो किंवा तापामुळे झाली म्हणून सोडून देतो. दोन्ही चूक. बरे झाल्यावर पुन्हा तपासा. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी आहे, ती करा. मात्र आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे, आणि बायाबापड्यांत रक्त कमी असणे तर नेहमीचेच. अशा रक्तात ही तपासणी चुकीचा आकडा देऊ शकते. घरात सिकलसेल असेल तर आधी सांगा, मग डॉक्टर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर पाहून ठरवतील.

तीस वर्षांवरच्या माणसांची शुगर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासायची, हा सरकारचाच कार्यक्रम आहे. उपकार नव्हे, काडीपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत आपण कर भरतो. त्यात एक भर हवी. शुगरवाला तापाने पडला तर उपकेंद्रातून दिवसातून दोन वेळा तरी त्याची तपासणी झाली पाहिजे आणि पट्ट्या संपल्या हे कारण चालता कामा नये. तसा ठराव दुपारी मांडणार आहोत. तालुका शाखांनी आपापल्या उपकेंद्रात पट्ट्या आहेत की नाहीत ते पाहून पुढच्या बैठकीत लेखी आणावे.

मांडवाच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, दोन मीटर ठेवले आहेत. पंगत बसायच्या आधी तपासून घ्या. गेल्या महिन्याभरात जे तापाने पडले होते त्यांनी आधी यावे, आणि ज्यांच्या पायाला जखम आहे त्यांनी चप्पल काढून रांगेच्या पुढे यावे.